वयाचा रकाना, राहून गेलेलं बाळ आणि फडावरची माणसं : महाराष्ट्रातल्या प्रगणकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व प्रगणक आणि पर्यवेक्षक,
जनगणना 2027

शिक्षक बंधू-भगिनींनो, अंगणवाडी ताईंनो, तलाठी भाऊसाहेब,

सप्रेम नमस्कार.

या जनगणनेविषयी वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर जी चर्चा झाली, ती जवळजवळ सगळी जातीच्या रकान्याभोवती फिरली. 1931 नंतर पहिल्यांदाच सगळ्या जातींची नोंद होणार म्हटल्यावर ते होणारच होतं. पण जन्मदर, प्रजननदर, बालमृत्युदर, आयुर्मान असे जे आकडे आपण उठता-बसता वापरतो, ते ज्या साध्या रकान्यांवर उभे असतात त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला मला दिसला नाही. वय. आजवर झालेली मुलं. रात्रीपुरतं कुठेतरी टेकलेलं माणूस. मी लोकसंख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि ते सगळं शिकवणं शेवटी तुमच्यासारख्या कुणीतरी दारात उभं राहून भरलेल्या ओळींवर चाललं होतं. म्हणून फेब्रुवारी 2027 मध्ये माणसांची मोजणी सुरू होण्याआधी तुमच्याशी थेट बोलावंसं वाटलं.

आधी तुमच्या तक्रारीबद्दल, कारण ती रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मोकळं केलं, पण जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण ही तीन कामं मागे ठेवली. फेब्रुवारी म्हणजे बारावीची परीक्षा आणि अभ्यासक्रम संपवायची घाई, आणि त्यातच दारोदार फिरायचं. मानधन आणि रजेबाबत तुमच्या संघटना जे मागतात ते मिळालंच पाहिजे. हे काम सरकारी सोपस्कार म्हणून उरकायचं नाही असं मी म्हणतो, ते तुमचे कष्ट कमी लेखून म्हणत नाही.

उद्या वर्गात हजेरी घ्याल तेव्हा समोर बघा. पहिली ते आठवीच्या पटावरचं जवळपास एकही मूल आजवर भारताच्या कुठल्याच जनगणनेत नाही. मागची जनगणना 1 मार्च 2011 ची. 1881 पासून आपल्याकडे दर दहा वर्षांनी एकदा माणसं मोजली गेली, 1941 साली महायुद्ध चालू असतानाही मोजली गेली. 2021 साली पहिल्यांदा खंड पडला. पहिल्यांदा मोजली जाणारी ही अख्खी पिढी तुमच्या हातून मोजली जाणार आहे.

आता मूळ मुद्दा. लोकसंख्याशास्त्रातला कुठलाही दर म्हणजे एक अपूर्णांक असतो. अंशाच्या जागी घटना येतात: जन्म, मृत्यू, लग्न, स्थलांतर. छेदाच्या जागी ती घटना ज्यांच्या बाबतीत घडू शकत होती ती माणसं येतात. वर्षभरातले जन्म भागिले वर्षाच्या मध्यावरची लोकसंख्या, गुणिले हजार, की झाला अशोधित जन्मदर. अंशाचा आकडा जन्म-मृत्यू नोंदणीतून किंवा नमुना नोंदणी योजनेतून (निवडक गावं आणि शहरी गटांतल्या जन्म-मृत्यूंच्या सततच्या नोंदीतून) येतो, त्याच्यावर लोकांचं लक्ष असतं, दरवर्षी बातम्या होतात. छेदाकडे कुणी बघत नाही. तो छेद तुम्ही लिहिता. आणि नमुना नोंदणी योजनेसाठी गावं आणि शहरांतले गट निवडले जातात तेही जनगणनेच्याच यादीतून.

छेद शिळा झाला की काय होतं ते तुम्ही गेली काही वर्षं पाहतच आहात. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला मिळालेली सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांची मर्यादा 2011 च्या लोकसंख्येवरून ठरली. नंतर वाढलेल्या माणसांना त्या मर्यादेत जागा नाही. सपाटीवर 30,000 लोकसंख्येमागे आणि आदिवासी-डोंगरी भागात 20,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष. एखाद्या वाढत्या शहराच्या कडेच्या ग्रामपंचायतीची लोकसंख्या कागदावर अजून 2011 ची असेल, तर तिथे केंद्र मंजूर व्हायला आधारच नाही. लसीकरणाच्या अहवालात काही ठिकाणी काम शंभर टक्क्यांच्या वर गेलेलं दिसतं, ते परिचारिकांच्या खोटेपणामुळे असेलच असं नाही. बऱ्याचदा खालची अपेक्षित बालकांची संख्याच जुनी असते. 

जनगणना एका क्षणाची असते, हे पहिलं नीट धरून ठेवा. या वेळी बहुतेक देशासाठी तो क्षण आहे 1 मार्च 2027 चा मध्यरात्रीचा ठोका. तुम्ही फिरणार आधीचे काही दिवस, पण चित्र त्या क्षणाचं काढायचं आहे. 28 फेब्रुवारीला रात्री साडेअकराला जन्मलेलं बाळ मोजायचं, साडेबाराला जन्मलेलं नाही. ठोक्याआधी गेलेल्या आजोबांची ओळ काढायची; ठोक्यानंतर गेले असतील तर ठेवायची. घरच्यांना हे कोरडं वाटेल, तुम्हालाही वाटेल. पण देशातल्या सगळ्यांना एकाच रेषेवर थांबवल्याशिवाय कुणी दोनदा आणि कुणी एकदाही नाही असं होतं.

आता वय. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच्याबद्दल, कारण नुसती माणसं मोजून फार थोडं कळतं.

एक उदाहरण देतो. नमुना नोंदणी योजनेच्या 2020 च्या आकड्यांनुसार केरळचा मृत्युदर हजारी 7.0 आणि बिहारचा 5.4. मग बिहार केरळपेक्षा निरोगी? त्याच वर्षीचा बालमृत्युदर बघा: हजार जिवंत जन्मांमागे केरळात 6, बिहारमध्ये 27. हा घोळ सुटतो तो वयाने. केरळात म्हातारी माणसं जास्त, बिहार तरुण. म्हातारी माणसं जास्त असलेल्या राज्यात, दवाखाने कितीही चांगले असले तरी, वर्षाला मृत्यू जास्त होणारच. म्हणून अशोधित दरांची तुलना करून कुणी भाषण ठोकत असेल तर त्याला आधी वयोरचना विचारावी. वयोगटवार दर काढले की खरं चित्र दिसतं, आणि वयोगटवार दरासाठी प्रत्येक वयाची माणसं किती हे माहीत असावं लागतं.

एकूण प्रजननदराचंही तसंच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा हा दर 1.7 आला. याचा अर्थ महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाईला 1.7 मुलं आहेत असा होत नाही. 15 ते 19, 20 ते 24 असे 49 पर्यंतचे गट घेतात, प्रत्येक गटातल्या बायकांना वर्षाला किती मुलं होतात ते पाहतात आणि एखादी बाई आजच्या या दरांतून पूर्ण आयुष्य गेली तर तिला किती मुलं होतील ते मांडतात. पिढीला पिढीची भरपाई व्हायला साधारण 2.1 लागतं. आपण त्याच्या खाली आहोत आणि तरीही राज्याची लोकसंख्या वाढते आहे, कारण आधीच्या जास्त जन्मांच्या काळातल्या मुली आज आई व्हायच्या वयात आहेत. या वाढीला लोकसंख्येची गती म्हणतात. ती किती वर्षं टिकेल, शाळा कधी ओस पडायला लागतील, वृद्धांसाठीच्या सोयी कधी दुपटीने लागतील, हे सगळं सांगणारा एकच कागद असतो: वय आणि लिंगानुसार केलेला मनोरा. तो तुमच्या वयाच्या रकान्यातून बनतो.

आणि आपल्याकडच्या जनगणनांचे एकेका वयाचे तक्ते उघडले तर तो मनोरा करवतीसारखा दिसतो. 30 ला भलं मोठं टोक, 29 आणि 31 ला खड्डा. 35, 40, 45, 50 ला पुन्हा टोकं. त्या वर्षी कुणी जास्त जन्मलं नव्हतं. विचारल्यावर लोक शून्य आणि पाचवर थांबतात, एवढंच. हे मोजायला व्हिपल निर्देशांक आहे. 23 ते 62 या वयांतल्या माणसांपैकी 0 आणि 5 ने संपणारी वयं किती, ते घ्यायचं, पाचने गुणायचं आणि एकूणाशी टक्केवारी काढायची. वयं खरी असतील तर उत्तर 100 च्या आसपास येतं. सगळ्यांनीच गोल आकडे सांगितले तर 500. हा निर्देशांक एका जिल्ह्याचा, एका तालुक्याचाही काढता येतो. वयं कुणी मनापासून विचारली आणि कुणी अंदाजपंचे टाकली, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं.

मग विचारायचं कसं? गुरुजींना मी काय सांगणार, तरी.

कागद मागा, पण कागदावर आंधळा विश्वास ठेवू नका. महाराष्ट्रात 1 जूनला जन्मलेल्यांची संख्या अफाट आहे, आणि त्याचं कारण शिक्षकांइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नाही: शाळेत नाव घालताना तारीख सांगता आली नाही की 1 जून टाकायचा, वय सहा बसेल असं वर्ष टाकायचं. आधार कार्डावर नुसतं वर्ष सांगितलं असेल तर तिथे 1 जानेवारी आलेला असतो. शिवाय वृद्धांच्या बाबतीत कार्डावरचं वय योजनेच्या सोयीने पुढे सरकलेलं असू शकतं. श्रावणबाळ योजनेला 65 लागतात, एसटीचा मोफत प्रवास 75 नंतर. समोरच्या आजीकडे बघून आणि तिच्या मोठ्या मुलाचं वय विचारून ताळा करा. मुलगा 50 चा आणि आई 60 ची असेल तर थांबून पुन्हा विचारावं लागेल.

वर्ष आठवत नसेल तर घटना आठवते. "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता?" असं विचारलं की साठी-सत्तरीतली बाई लगेच बोलायला लागते. "आई खडी फोडायला जायची, मी धाकट्याला सांभाळायचे," असं म्हणाली तर ती तेव्हा सात-आठची तरी होती. "सुकडी खाल्लेली आठवते" म्हणाली तर निदान चार-पाचची. लातूर-धाराशिवकडे 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आहे: लग्न त्याच्या आधीचं की नंतरचं, पहिलं बाळ तेव्हा कडेवर होतं का. साताऱ्याकडे डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप, पुण्यात 1961 चा पानशेतचा पूर, मुंबई-ठाण्यात 26 जुलै 2005. तुमच्या गटातल्या अशा आठ-दहा घटना वर्षांसह एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. गावचं धरण कधी झालं, वीज कधी आली, कुठला सरपंच कधी निवडून आला, हेही त्यात येऊ दे. जगभरात जिथे जन्मतारखा पाठ नसतात तिथे प्रगणक असंच करतात.

आणि "पाचवं लागलं" म्हणजे चार. "तिसरं चालू आहे" म्हणजे दोन. जनगणनेला पूर्ण झालेली वर्षं हवी असतात. लहान मुलांच्या बाबतीत एका वर्षाची ही सरकासरकी फार महागात पडते, कारण वर्षाच्या आतलं बाळ एकचं लिहिलं गेलं तर शून्य वयाची मुलंच कमी दिसतात. घाईत प्रगणक "एक" टाकून मोकळा होतो. त्या घरी दोन मिनिटं जास्त थांबा.

लहान बाळ तर अनेकदा ओळीतच येत नाही. बारसं झालेलं नसतं, नाव नाही, मग घरचे मोजतच नाहीत. किंवा लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असते. सासरचे म्हणतात ती इथे नाही, माहेरचे म्हणतात ती आमची थोडीच. ती आणि तिचं बाळ दोघंही यादीत हवीत. दुसरी गफलत प्रश्नातच असते. "मुलं किती?" असं विचारलं की काही घरांत उत्तर येतं "दोन", आणि चहा घेऊन येणारी मुलगी त्या दोनात नसते. "मुलगे किती, मुली किती, आणि इथे राहत नाहीत असे किती?" हे तीन वेगळे प्रश्न करा. 2011 साली बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली निघाल्या, आणि राज्याचा आकडा 894. त्याच्या मागे गर्भलिंगनिदानाचं पाप आहे, त्याबद्दल शंका नाही. पण हा आकडा या वेळी किती सुधारला किंवा बिघडला हे खात्रीने सांगायचं असेल तर एकही जिवंत मुलगी यादीबाहेर राहता कामा नये. नाहीतर कोण जन्माला आलं नाही आणि कोण मोजलं गेलं नाही, हा फरकच पुसला जातो.

काही घरं मूल मुद्दाम लपवतात. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेल्याला पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हे गावात सगळ्यांना पाठ असतं. तिसरं मूल मग भावाच्या नावावर, बहिणीच्या घरी, किंवा कुठेच नाही. लग्नाच्या वयाचंही तसंच. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या विवाहित-अविवाहित सगळ्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पण सरकारी माणूस दारात आला की सगळ्यांची लग्नं नेमकी अठरा किंवा एकोणीसला झालेली असतात. अशा वेळी त्यांना 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 सांगा, आणि आधी स्वतः त्याच्यावर विश्वास ठेवा. तुमच्या नोंदी कुणालाही बघायला मिळत नाहीत. त्या कायद्याखालच्याच गुन्ह्याचा खटला सोडला तर कोर्टात पुरावा म्हणून चालत नाहीत. सरपंचाला नाही, पोलिसाला नाही, निवडणुकीतल्या विरोधकाला तर नाहीच. एखाद्या घरचं उत्तर तुम्ही पारावर बोललात तर त्या गटातली पुढची वीस घरं खोटं बोलतील.

याच कायद्यात कलम 8 मध्ये एक मायेची तरतूद आहे. घरातल्या स्त्रीचं नाव सांगायची सक्ती कुणावर नाही, आणि कुठल्याही स्त्रीवर नवऱ्याचं, वारलेल्या नवऱ्याचं, किंवा रूढीमुळे ज्याचं नाव ती घेत नाही अशा माणसाचं नाव सांगायची सक्ती नाही. आपल्याकडे आजही काही म्हाताऱ्या नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नाहीत. शेजारची सून सांगेल, नातू सांगेल. नावासाठी अडून बसून बाईची माहिती अर्धी ठेवू नका.

विवाहित, विधवा, घटस्फोटित स्त्रियांना आजवर झालेली मुलं आणि त्यातली हयात असलेली मुलं असे दोन प्रश्न 2011 च्या पत्रकात होते. त्यांचं मोल प्रशिक्षणात पुरेसं सांगितलं जात नाही असं माझं मत आहे. विल्यम ब्रास या स्कॉटिश अभ्यासकाने दाखवलं की जिथे जन्म-मृत्यूंची नोंदणी अपुरी आहे तिथेही या दोन उत्तरांवरून बालमृत्यूचा भरवशाचा अंदाज करता येतो. विशीतल्या बायकांच्या झालेल्या मुलांपैकी किती गेली, तिशीतल्यांच्या किती, यावरून दोन-तीन-पाच वर्षांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता काढतात. मेळघाटात किंवा नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात जन्मून दहा दिवसांत गेलेलं बाळ नोंदणीच्या वहीत आलंच असेल याची खात्री नसते. त्याची आई मात्र त्याला विसरलेली नसते. हा प्रश्न नवऱ्याला किंवा सासऱ्याला विचारू नका, ते हयात मुलंच सांगतात. बाईला विचारा, शक्य असेल तर बाकीचे जरा बाजूला असताना, आणि आवाज खाली ठेवून विचारा: "एखादं बाळ होऊन गेलं होतं का?" ती थोडा वेळ गप्प राहिली तर राहू दे. पुढच्या घराची घाई करू नका.

तिसरी गोष्ट घरात नसलेल्या माणसाची. लोकसंख्या बदलते ती चारच कारणांनी: जन्म, मृत्यू, आलेली माणसं, गेलेली माणसं. आधीच्या लोकसंख्येत जन्म मिळवा, मृत्यू वजा करा, आलेले मिळवा, गेलेले वजा करा, की नंतरची लोकसंख्या. 2001 ते 2011 मध्ये महाराष्ट्र जवळपास 16 टक्क्यांनी वाढला आणि रत्नागिरी जिल्हा 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आला. तिथे जन्मांपेक्षा मृत्यू जास्त झाले म्हणून नव्हे. गेलेले जास्त म्हणून. त्याच रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया, आणि तेवढ्यावरून कोकणात मुलींना मान असं लिहिणारे लेख मी वाचले आहेत. शून्य ते सहा वयात तिथेही मुली मुलग्यांपेक्षा कमीच होत्या. पुरुष मुंबईत होते, आणि मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या 832. एकाच चाकरमान्याची ही दोन टोकं आहेत. 

हा माणूस कुठे मोजायचा याचा नियम 2011 साली असा होता: मोजणीच्या 9 ते 28 फेब्रुवारी या काळात जो एखादा दिवस तरी आपल्या नेहमीच्या घरी राहिला किंवा राहणार आहे तो घरी मोजायचा, त्या पूर्ण काळात जो घरी नव्हता, तो जिथे सापडेल तिथे. या वेळच्या सूचना पुस्तिकेतलं वाक्य तुम्ही स्वतः वाचा आणि तेच अंतिम माना. पण नियम असाच राहिला तर त्याचा सगळ्यात मोठा भार पडतो तो ऊसतोड मजुरांवर.

गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी इथले हजारो कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात किंवा थेट कर्नाटकात असतात. गावाकडच्या प्रगणकाला कुलूप दिसेल, किंवा ओट्यावर आजी आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. काही मुलं हंगामी वसतिगृहात. तो नियमाप्रमाणे आई-बापांची नावं लिहिणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. इकडे कारखान्याच्या पट्ट्यात प्रगणकाच्या यादीत उसाच्या फडाशेजारच्या कोप्या, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या, नसतात, कारण घरयादी (मोजणीआधीची घरांची नोंद) झाली तेव्हा तिथे मोकळं रान होतं. टोळी पहाटे अंधारात फडावर जाते, रात्री गाडी भरून झाल्यावर परतते. दिवसा कोपीत गेलात तर एखादी बाळंतीण आणि कुत्रं भेटेल. चार दिवसांनी टोळी पुढच्या फडावर गेलेली असते. ज्या जिल्ह्यात मुलींचं प्रमाण सगळ्यात कमी निघालं, तिथलीच पंचविशी-तिशीतली जोडपी आणि त्यांच्या कडेवरची बाळं दोन यादींच्या मधल्या फटीत पडतात. मग बीडचा प्रजननदर कुठल्या छेदावर काढणार, आणि कोल्हापूरचा कुठल्या? 

2011 च्या जनगणनेनंतर जी पडताळणी पाहणी झाली तिच्यात देशभरात हजारी सुमारे 23 माणसं मोजायची राहिल्याचं निघालं. एवढ्या मोठ्या कामात हे प्रमाण कमी म्हणता येईल. पण राहिलेली माणसं सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात. वर्षाच्या आतलं बाळ, माहेरपणाला आलेली लेक, हॉटेलात फळ्यांवर झोपणारा पोरगा, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतली कुटुंबं, वीटभट्टीवरची, फडावरची. ज्यांना रेशन, लस आणि शाळा सगळ्यात जास्त लागते तीच.

म्हणून तुम्हाला, आणि तुमच्यामार्फत तहसीलच्या चार्ज अधिकाऱ्यांना (चार्ज म्हणजे जनगणनेसाठी एका अधिकाऱ्याकडे सोपवलेला भाग), माझी एक ठोस मागणी आहे. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या प्रत्येक चार्जमध्ये ऊसतोड वस्त्यांसाठी वेगळे प्रगणक नेमावेत आणि त्यांना रात्रीची वेळ द्यावी. कुठल्या शिवारात कुठली टोळी उतरली आहे याची माहिती कारखान्याच्या शेती विभागाकडे असते, आणि गावातल्या चिटबॉयला, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, तर रोजची खबर असते. त्याला सोबत घ्या. मुकादमाला यादी मागू नका, त्याच्याकडे कोयत्यांचा हिशेब असतो, पोरांचा नसतो. कर्नाटकात गेलेल्या टोळ्यांबद्दल बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या जिल्हा जनगणना अधिकाऱ्यांनी बेळगाव, बागलकोट, विजयपूरच्या अधिकाऱ्यांना आत्ताच कळवून ठेवावं. आणि 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी कराल तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या भरल्या ट्रॅक्टरशेजारी पाल ठोकून झोपलेली माणसं दिसली, तर ती आधीच कुठे मोजली गेली आहेत का, एवढं विचारून मगच पुढे जा.

आपला,
लोकसंख्याशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक